बत्तीस हजारांचा डबा

“लहू, खरं सांग. ह्या डब्याला बत्तीस हजार द्यावेत का?”

हिंदुराव मान्यांनी स्पीकर माझ्या हातात दिला. दोन शेराच्या मापाएवढा, वरून गोल, अंगाला राखाडी कापड गुंडाळलेलं. आकाराच्या मानानं वजन चांगलं होतं. मी तो उलटा करून पाहिला, टिचकी मारून पाहिली. आतून पोकळ आवाज आला नाही.

मी म्हटलं, वाजवल्याशिवाय कसं सांगता येईल.

“वाजवणारच हाय. त्यासाठीच तुम्हा दोघांना बोलवलंय.”

दोघं म्हणजे मी आणि केरबा हेगडे. केरबा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तो सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला टोपी मांडीवर ठेवून बसला होता आणि समोरच्या कॅलेंडरकडे बघत होता. आमच्यामध्ये अडीच हात जागा होती. सत्तावीस वर्षांत आम्ही एकमेकांच्या इतके जवळ बसलो नव्हतो. बोललो तर नव्हतोच. त्याचं घर माझ्या मागच्या गल्लीत.

याला आता दहा वर्षं होऊन गेली. माझ्या एकुलत्या मुलीचं, सारिकाचं लग्न तेव्हा अकरा दिवसांवर आलं होतं. हळदीचं, मांडवाचं, जेवणाचं सगळं ठरलं होतं. मामाचं ठरत नव्हतं. मुलीला बोहल्यावर आणायची ती मामानं, आणि अष्टकं चालू असताना तिच्या पाठीमागं उभं राहायचं तेही मामानंच. माझी बायको शेवंता भावाकडे तीनदा जाऊन आली. तिन्ही वेळा केरबानं तिला चहा पाजला आणि एकच निरोप दिला. दाजींनी येऊन सांगावं, मग मी उभा राहतो. काय सांगावं ते त्यानं सांगितलं नाही. शेवंतानं मला विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत.

लांबच्या नात्यातला एक मामा कवठ्याला होता, त्याला उभं करू असं मी सुचवलं. सारिका ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, “मला एकच मामा आहे आणि तो मागच्या गल्लीत राहतो. मी दुसरा आणणार नाही. मागं कुणी नसलं तर नसू दे.”

त्यानंतर शेवंता भांडी जरा जोरात घासायला लागली, एवढंच.

आणि तेवढ्यात मान्यांचं बोलावणं आलं. शेवंता म्हणाली, केरबालाही बोलावलंय, जा आणि बसा त्याच्याशेजारी. म्हणून मी गेलो. स्पीकरसाठी गेलो नव्हतो.

मान्यांचा बेदाण्याचा व्यापार. त्यांचा मुलगा ऋतुराज पुण्यात नोकरीला. त्यानं आईवडिलांसाठी तो स्पीकर आणला होता. हिंदुरावांना किंमत कळली तेव्हापासून ते जेवताना त्या डब्याकडे पाठ करून बसत. दुकानदार दहा दिवसांत माल परत घेतो असंही त्यांना कळलं होतं, आणि तो नववा दिवस होता. पोराचं म्हणणं, यात प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा ऐकू येतो. बापाचं म्हणणं, आवाज म्हणजे आवाज, त्याच्या फोडी करून कुणी खात नाही. शेवटी असं ठरलं की ज्यांचा जन्म वाजवण्यात गेला त्यांना बोलवावं, ते म्हणतील ते खरं.

ऋतुराजनं मोबाइलवर काहीतरी केलं आणि डब्यातून एक गाणं सुरू झालं. आवाज खोलीभर गेला, पण कुठून येतोय ते कळेना. तबल्याच्या शाईवर बोट घासल्याचा आवाजही आला. मी आयुष्यभर लग्नात मोठे मोठे कर्णे ऐकले होते. त्यांतून नवऱ्या मुलाचं नाव आणि हरवलेल्या पोराचं नाव सारखंच ऐकू यायचं. हे निराळं होतं. मी म्हटलं, बरं आहे.

“बरं तर आठ हजारालाबी मिळतंय,” हिंदुराव म्हणाले. “केरबा, तू बोल.”

केरबानं विचार केला आणि तोही म्हणाला, बरं आहे.

“दोघं नवरदेवाकडचे असल्यासारखं बोलू नका. ऋतू, ते लग्नाचं लाव.”

मला वाटलं कुठल्यातरी गाण्याचं नाव असेल. ऋतुराज म्हणाला, “आईआबांच्या लग्नाची कॅसेट होती ना, ती मी पुण्यात मोबाइलवर उतरवून घेतली. त्यात तुमचाच बँड आहे. स्वतःचं वाजवलेलं तर तुम्हाला नक्की ओळखू येईल.”

केरबानं पहिल्यांदाच कॅलेंडरवरून नजर काढली. माझ्याकडे बघितलं नाही. डब्याकडे बघितलं.

ते लग्न कसं झालं हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण तुम्हाला सांगायला हवं.

सत्त्याऐंशी साली आम्ही दोघं बाबालाल मास्तरांच्या ब्रास बँडात होतो. केरबा ट्रंपेट वाजवायचा, मी मोठा ढोल. शेवंताशी माझं लग्न झाल्यावर मला बँडात त्यानंच लावलं होतं. लग्नात बँडाचं खरं काम एकाच क्षणाचं असतं. भटजी मंगलाष्टक म्हणतात, प्रत्येक अष्टकाच्या शेवटी ‘सावधान’ येतं, लोक चार-दोन अक्षता टाकतात. पण शेवटच्या ‘सावधान’ला बँड उठला पाहिजे. बँड उठला की लोक मुठी रिकाम्या करतात, अंतरपाट खाली येतो, हार पडतात. म्हणजे लग्न भटजी लावतात, पण लागलं हे बँड सांगतो. आणि बँड उठवायचा तो ढोलानं. आधी ढोल, मग ट्रंपेट, मग बाकीचे.

एरवी अष्टकं सात असायची. मान्यांच्या लग्नात आठ होती. नवरीच्या आत्यानं दोन्हीकडच्या माणसांची नावं गुंफून आठवं अष्टक स्वतः रचलं होतं आणि ते म्हणायला ती कागद घेऊन, नवी पैठणी नेसून उभी होती. सातव्या ‘सावधान’ला बँड उठला. अक्षता पडल्या. अंतरपाट धरणाऱ्यांनी तो सोडला. हिंदुरावांनी हार घातला. आत्या कागद धरून उभीच. तिच्या अष्टकात एकशे बारा लोकांची नावं होती, त्यांतल्या बऱ्याच जणांना नाव येणार हे आधीच कळलेलं होतं. मुहूर्ताला अजून चार मिनिटं होती.

बँडाला जेवायला वाढलं नाही. त्याच मांडवात मास्तरांनी विचारलं, आधी कोण उठलं. मी सांगितलं, ट्रंपेट उठलं. ते उठलं म्हणून मी ढोल मारला, नाहीतर बँड उघडा पडला असता. केरबा म्हणाला, मी आधी फुंकलेलं नाही. एकदाच म्हणाला. मास्तरांनी माझं खरं धरलं. त्याला कारण होतं. केरबाला त्यांनी तिथंच बँडातून काढलं.

दुसऱ्या कुठल्या बँडानं त्याला घेतलं नाही. तो बेदाण्याच्या शेडवर पेट्या भरायला लागला. गावानं त्याचं नाव ‘सावधान’ ठेवलं. आधी पोरं ओरडायची, नंतर मोठी माणसंही म्हणायला लागली, आणि पुढं पुढं कुणी चिडवण्यासाठी म्हणायचं नाही, नुसतंच म्हणायचं. सावधानला निरोप दे. सावधानच्या घराशेजारी. त्याच्या मुलीच्या लग्नाची एक पत्रिका पत्ता न सापडून परत आली, तेव्हा पोस्टमननं तिच्यावर धाडणाऱ्याचं आडनाव ‘सावधान’ असं लिहून आणलं होतं.

हे सगळं त्या डब्यात होतं.

ऋतुराजनं सुरू केलं. नवरीच्या भावानं टेपरेकॉर्डर मांडवाच्या खांबाला, बँडाजवळ बांधला होता. ही कॅसेट मान्यांच्या घरी पूर्वी बऱ्याचदा लागायची. मीही एकदा ओसरीवरून ऐकली होती. भटजी पाण्यात बसून म्हणत असल्यासारखे वाटायचे आणि शेवटी एक मोठा स्फोट व्हायचा. त्या स्फोटात कोण आधी आणि कोण नंतर हे भटजींच्या देवालासुद्धा कळलं नसतं. म्हणून मी निवांत होतो, असं म्हणायला हरकत नाही.

पण डब्यातले भटजी कोरड्या जागेवर उभे होते. त्यांचा श्वास ऐकू आला. कुठंतरी तान्हं मूल किरकिरत होतं. कुणीतरी “पंख्याची पिन काढ की” म्हणालं. एक माणूस दोनदा खोकला.

मालनवहिनी, म्हणजे हिंदुरावांच्या पत्नी, चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. म्हणाल्या, “हे आमचे अण्णा.”

“खोकल्यावरून?” हिंदुराव म्हणाले.

“बापाचा खोकला कळत नाही होय.”

अण्णा लग्नानंतर दोन वर्षांनी वारले होते. मालनवहिनींनी ट्रे खाली ठेवला नाही. तसाच धरून उभ्या राहिल्या.

पाचवं झालं. सहावं झालं. केरबाचे डोळे मिटलेले होते. त्याचा उजवा हात मांडीवर होता आणि तीन बोटं टोपीवर हलत होती, ट्रंपेटच्या कळा दाबल्यासारखी. सातवं संपत आलं. भटजींनी ‘सावधान’ म्हटलं.

ढोल. मग, डोळ्याचं पातं लवावं एवढ्या वेळानं, ट्रंपेट.

त्यानंतर सगळा बँड, आणि आत्याचा एक बारीक आवाज, “अगं बाई, थांबा.”

“बघा,” ऋतुराज म्हणाला. तो खूश होता. “आबा, दोन आवाज वेगळे आले की नाही? एकामागं एक.” कुठला आवाज कशाचा हे त्याला माहीत नव्हतं आणि त्याला त्याचं कामही नव्हतं.

“मला एकच आला,” हिंदुराव म्हणाले. त्यांना पन्नाशीनंतर डाव्या कानानं कमी ऐकू येत होतं. “परत लाव.”

त्यानं परत लावलं. ढोल, मग ट्रंपेट. पहिल्यापेक्षा स्पष्ट, कारण आता कुठं ऐकायचं ते ठाऊक होतं.

“केरबा, तू सांग. तुझा कान तिखट. येतंय का येगळं?”

मी केरबाकडे बघत होतो. त्यानं डोळे उघडले, टोपी झटकली आणि शांतपणे म्हणाला, “न्हाई दादा. सगळं एकदमच वाजतंय. बत्तीस हजार पाण्यात गेलं बघा. परत करून टाका.”

ऋतुराजचं तोंड उतरलं. हिंदुरावांनी मांडीवर हात मारला. ते पोराला काहीतरी म्हणाले, पोरगा काहीतरी म्हणाला, ते मी ऐकलं नाही. बँडातल्या अठरा माणसांत कुणाच्या ताशाची वादी सैल आहे ते केरबा पाठमोरा उभा राहून सांगायचा. त्याला ऐकू आलं नाही असं होणार नव्हतं.

“लहू, तुझं काय?” हिंदुरावांनी विचारलं. “केरबा म्हणतोय तसंच ना?”

हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. स्पीकर पुण्याला परत गेला असता. आम्ही दोघं चहा पिऊन दोन वेगळ्या गल्ल्यांतून घरी गेलो असतो. अकरा दिवसांनी सारिका बोहल्यावर आली असती आणि तिच्यामागची जागा मोकळी राहिली असती.

“परत लावा,” मी म्हटलं.

त्यानं तिसऱ्यांदा लावलं.

“डबा चांगला आहे,” मी म्हटलं. “किंमत रास्त आहे. आधी ढोल वाजलाय. ढोल माझा होता.”

डब्यात बँड चालूच होता. ऋतुराजनं तो बंद केला.

हिंदुराव माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “आसं कसं? चिठ्ठी तुझ्या खिशात व्हती. मास्तरांनी सगळ्यांना दावली. आठ लिवलंय, आन लहूनं ती वाचलीय, मग तो सातव्याला कसा मारंल, आसं म्हणाले व्हते ते. माझ्यासमोर.”

“म्हणाले होते.”

“मग?”

“वाचली नव्हती.”

“का?”

“येत नव्हतं वाचायला.”

ते असं होतं. बाबालाल मास्तरांना शिकलेली माणसं लागायची. कुठली चाल कुठं वाजवायची ते सगळं ते चिठ्ठीवर लिहून द्यायचे. बँडात लागताना मी सातवी पास सांगितलं होतं. चिठ्ठी आली की मी ती हळूच केरबाच्या पुढं धरायचो, तो बोटानं कळ तपासल्यासारखं करून ओठातल्या ओठात सांगायचा. त्या दिवशी पाहुण्यांनी मास्तरांना आत भटजींजवळ बसवून घेतलं होतं. अष्टकं सुरू झाल्यावर त्यांनी चिठ्ठी हातोहात माझ्याकडं पाठवली. केरबा ओळीच्या दुसऱ्या टोकाला होता. मी चिठ्ठी उघडली, मास्तरांकडे बघून मान डोलावली आणि खिशात घातली. मनात म्हटलं, सातच असणार. नेहमी सातच असतात.

पुढं तेरा वर्षांनी मी साक्षरता वर्गात बसलो. सहा महिन्यांनी घरी एकटा असताना ती चिठ्ठी ट्रंकेतून काढून वाचली. ‘आज अष्टके आठ. आठव्याला उठणे.’ मास्तरांचं अक्षर फार सुंदर होतं.

पण त्या दिवशी मांडवात एक माणूस असा होता, ज्याला माझ्या खिशातली चिठ्ठी म्हणजे काय हे पक्कं ठाऊक होतं. मास्तर ती सगळ्यांना फिरवून दाखवत होते तेव्हा तो तीन हातांवर उभा होता. याला वाचता येत नाही, एवढं म्हटलं असतं तर त्याचं काम झालं असतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग मांडवाच्या बायकांच्या बाजूला बघितलं. तिथं त्याची बहीण बसली होती, शेवंता. नंतर त्यानं ट्रंपेट पिशवीत घातलं आणि तो निघून गेला.

मी मान्यांच्या सोफ्यावर हे सगळं सांगितलं नाही. येत नव्हतं वाचायला, एवढंच सांगितलं. बाकीचं सांगायची गरज नव्हती. हिंदुराव व्यापारी माणूस. ते माझ्याकडून केरबाकडे आणि केरबाकडून माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांचा हिशोब त्यांना लागला.

शेवटी ते म्हणाले, “म्हंजी माझं लगीन आठव्याआधी तू लावलंस.”

“हो.”

“सत्तावीस वर्षं मी घरातल्या प्रत्येक भांडणाला केरबाला शिव्या दिल्या.”

“त्या माझ्या होत्या,” मी म्हटलं.

केरबा उठला. चहा घ्या म्हणून कुणी म्हटलं नाही, कारण ट्रे अजून मालनवहिनींच्या हातात होता आणि चहावर साय धरली होती. त्यांनी ट्रे टीपॉयवर ठेवला, डब्यावरची धूळ पदरानं पुसली आणि ऋतुराजला म्हणाल्या, तो अण्णांचा खोकला पुन्हा लाव. डबा परत द्यायचा की नाही हा विषय तिथं मिटला.

आम्ही दोघं ओसरीवर आलो. अकरा-साडेअकराचं ऊन होतं. अंगणात बायका बेदाणा पाखडत होत्या. चपला शोधायला केरबाला वेळ लागत होता, कारण त्या त्याच्या पायापुढंच होत्या.

मी विचारलं, “तुला खरंच ऐकू आलं नाही?”

बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी बोललो.

“मला सत्तावीस वर्षं ऐकू येतंय,” केरबा म्हणाला.

“मग नाही का म्हणालास?”

“डब्यानं सांगून काय उपयोग.” त्यानं चपला पायात घातल्या. एक पट्टा दुमडला होता तो वाकून सरळ केला. वाकलेला असतानाच म्हणाला, “दाजी.”

“काय?”

“पोरीचा मुहूर्त कितीचा हाय?”

“बारा पस्तीस.”

“आन अष्टकं किती?”

“पाच. भटजी म्हणाले, हल्ली पाचच म्हणतात.”

केरबा सरळ झाला. टोपी घातली, नीट केली. त्याचा चेहरा मगाशी कॅलेंडरकडे बघताना होता तसाच होता.

“लिहून द्या,” तो म्हणाला.

माझ्या खिशात पेन होतं. कागद नव्हता. आत ऋतुराजकडे मागितला असता तर मिळाला असता, पण मला आत जायचं नव्हतं. केरबानं स्वतःच्या खिशातून औषधाच्या दुकानाची पावती काढली आणि कोरी बाजू वर करून माझ्यापुढं धरली. मी मान्यांच्या खांबाला टेकवून आकडा लिहिला आणि त्याला दिला.

त्यानं कागद उन्हात धरला. जवळ घेतला, लांब नेला.

“ह्यो पाच हाय का सहा?”

“पाच.”

“सहासारखा दिसतोय.”

“पाचच आहे.”

“दाजी, आकड्यात नको,” केरबानं कागद परत माझ्या हातात दिला. “अक्षरात लिवा.”

मी खांबाला कागद टेकवला आणि अक्षरात लिहिलं. पाच. खाली, त्यानं सांगितलं नव्हतं तरी, माझं नावही लिहिलं. त्याला वेळ लागला. केरबा उन्हात उभा राहून वाट बघत होता.